कुरडईचा चीक आणि बी शिफ्ट

सांगते, पण आवाज जरा बारीक ठेवा वहिनी. हारिस, आपला बिल्डिंगीचा राखणदार, खाली खुर्ची टाकून बसलाय. त्याला मराठी कळत नाही, पण आपलं हसणं बरोबर कळतं.

तुम्ही जूनमध्येच पोरांना घेऊन नागपूरला गेलात, त्या आत्ता शाळा उघडायच्या वेळी उगवताय. मधल्या काळात या बिल्डिंगीत काय काय झालं, तुम्हाला पत्ताच नाही. पाण्याचा पंप दोनदा जळला, दुसऱ्या मजल्यावरचे केरळवाले कॅनडाला गेले, ते सगळं नंतर. आधी आपल्या पैठणच्या काकांचं ऐका. हो हो, तेच. तुळशीची माळ घालणारे, एकादशीला भगरीशिवाय कशाला न शिवणारे. या माणसाने बावीस वर्षं बिअरच्या कारखान्यात काढलीत. आता काहून अशा पाहून राहिल्या? मीही अश्शीच पाहत होते.

झालं असं. महालक्ष्म्या बसणार होत्या ३१ ऑगस्टला. काकूंकडे नैवेद्याच्या ताटात कुरडई लागतेच, आणि गावाहून आणलेल्या कुरडयांचा बॅगेत पार भुगा झालेला. वरणात घालायच्याही लायकीचा राहिला नाही म्हणे. मग काकूंनी इथेच गहू भिजत घातले. चांगले तीन किलो. त्या म्हणाल्या, पैठणला चैत्राच्या उन्हात दोन दिवस लागतात, इथे कुवेतला, मंगफच्या गच्चीवर सकाळी टाकली तर दुपारच्या जेवणाला तळता येईल. खोटं नाही. ऑगस्टमध्ये आपल्या गच्चीवर पापड नुसता वाळत नाही, भाजूनच निघतो.

पण गहू भिजवायचे तीन दिवस. रोज पाणी बदललं तरी वास सुटायचा तो सुटतोच. आणि आपल्या स्वयंपाकघरांची ती एकच सामाईक चिमणी, कोणाकडे बोंबील भाजला तर वरच्या मजल्यावरची पूजा बाटते. चौथ्या मजल्यावरून तो आंबूस वास निघाला तो थेट तळमजल्यावर हारिसच्या उशाशी.

आता दिवस कोणते होते ते लक्षात घ्या. ऑगस्टचा तोच पंधरवडा. विषारी दारूने माणसं मेली ना इथे, तेव्हाचा. आधी बातमी आली १३ गेले, मग आकडा २३ वर गेला, विषबाधा १६० जणांना. आपल्या वकिलातीने सांगितलं, चाळीसेक भारतीयच दवाखान्यांत आहेत. कोणाचे डोळे गेले, कोणी डायलिसिसवर. मेथॅनॉल. आपल्याकडे २०१५ मध्ये मालवणीला शंभरावर माणसं गेली होती, तीही यानेच. इथे पोलिसांनी ठिकठिकाणी धाडी घातल्या, घरांतल्या भट्ट्या पकडल्या. ज्याच्या बिल्डिंगीत काही सापडेल त्या हारिसची काय गत, विचार करा. तो बिचारा त्या आठवड्यात कुत्र्यासारखा हुंगत जिने चढत होता.

रात्री दहाला त्याने काकूंची बेल वाजवली. मी कचरा टाकायला बाहेर आलेली, म्हणून सगळं डोळ्यांदेखत पाहिलं. दार उघडल्याबरोबर वासाचा भपकारा. आत ओट्यावर दोन मोठी पातेली, वर फडकं बांधलेलं, बाजूला तो पितळेचा सोऱ्या, दांड्याचा, आट्यांचा. हारिसने सोऱ्या पाहिला आणि त्याचा चेहराच उतरला. त्याला वाटलं हेच ते यंत्र. बोटाने दाखवत विचारतो, "एह दा? एह दा?"

आणि आमच्या काकू! इतक्या कौतुकाने सांगतात, हिंदीत, "खमीर आया है भैया, अच्छा खमीर! तीन दिन का है!"

वहिनी, खमीर हा शब्द मूळ त्यांचाच. अरबीत खमीरा म्हणजे पाव फुगवायचं यीस्ट, आणि खम्र म्हणजे साक्षात दारू. तो जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. "खम्र? मदाम, खम्र?" आणि काकू माना हलवतायत, हो हो, खमीर, खमीर. मी मध्ये पडावं तर मला हसूच आवरेना.

तेवढ्यात काका आले. बनियनवर, माळ बाहेर लोंबतेय. काही बोलले नाहीत. पातेल्यावरचं फडकं काढलं, वरचं निवळ पाणी ओतून दिलं, खाली बसलेला तो पांढराशुभ्र चीक पळीने दाखवला. गॅसवर आधण ठेवलं, हिंग-मीठ न घालता तसाच थोडा चीक शिजवला, बशीत घेतला, वर दूध-साखर घालून हारिसच्या हातात दिला. खा म्हणाले. तो घाबरत घाबरत एक चमचा खातो काय, आणि एकदम खुलला. "बलीला! या हाग, हाज़ा बलीला!" त्यांच्या मिसरमध्ये, म्हणजे इजिप्तमध्ये, गहू शिजवून दूध-साखरेत खातात, त्याला बलीला म्हणतात. त्याची आई करायची. मग तो खुर्चीवरच बसला आणि दुसरी बशी मागितली.

तो गेल्यावर काका हात धुता धुता सहज बोलून गेले, "येड्याला वासातला फरक कळंना. ह्यो नुसता आंबट वास हाय, दह्यावानी. दारूचं यीस्ट लागलं ना, तर वास गोडसर येतो, पिकल्या केळावानी. टाकीजवळ गेलं की डोळे चुरचुरतेत."

मी म्हटलं, काका, तुम्हाला काय माहीत टाकीजवळ गेलं की काय होतं?

काकूंनी कपाळावर हात मारला. "घ्या! नऊ वर्षं झाकून ठेवलं ते आज कुरडईने उघडं पाडलं."

तर असं आहे. तेव्हापासून रोज रात्री जेवणं झाली की हा गॅलरीतला पुदिना मी इकडे सरकवते, काका-काकू त्यांच्या बाजूला येऊन उभे राहतात, मधली ही कमरेएवढी भिंत, आणि मी खोदून खोदून विचारते. मला तर सगळंच नवीन. मी वर्ध्याची. माझ्या जन्माआधीपासून आमच्या जिल्ह्यात दारूबंदी, गांधी-विनोबांचा जिल्हा म्हणून. बंदी म्हणजे मिळत नाही असं नाही, पाटी लागत नाही इतकंच. तिथून लग्न होऊन आले ती थेट कुवेतला, इथे १९६४ च्या कायद्यापासून बंद. म्हणजे दारूच्या दुकानाची पाटी मी नीट पाहिली ती फक्त नागपूरला मामाकडे जाताना, एसटीच्या खिडकीतून.

काकांचं गाव पैठणच्या अलीकडे. जायकवाडी धरण झालं १९७६ मध्ये, तेव्हा काका पाच-सहा वर्षांचे. वडिलांची जमीन नाथसागराच्या पाण्याखाली गेली. मोबदला मिळाला त्यात बहिणीचं लग्न झालं, बस. वडील माळकरी, आजोबा माळकरी. काका आयटीआय करून औरंगाबादेत आले, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, पण काकांच्या तोंडात जुनंच नाव बसलंय. वाळूजला तेव्हा नोकऱ्यांचा पाऊस होता. बजाजचा कारखाना तिथे १९८५ ला सुरू झाला, त्याच्या मागे सुटे भाग करणारे आले, औषधवाले आले, आणि बिअरवाले आले. काकांना बजाजमध्ये जायचं होतं, नंबर लागला बिअरमध्ये. कंपनीचं नाव ते अजून सांगत नाहीत. मीही नाही विचारलं.

वडिलांना काय सांगितलं माहितेय? "पाण्याच्या कंपनीत लागलो." म्हटलं, खोटं बोललात? तर म्हणतात, "खोटं कशाला? बिअरमधी नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच ऱ्हातंय. आन् पाणी कुठलं? जायकवाडीचं. ज्या पाण्याखाली बापाचं वावर गेलं त्येच पाणी पाइपातून यायचं, मी बाटलीत भरायचो."

हे त्यांनी इतकं सरळ सांगितलं, जसं काही बाजारभाव सांगतायत. काकू मात्र आत निघून गेल्या भांडी आवरायला.

बिअर कशी करतात ते मला त्यांनी कुरडईवरूनच समजावलं. म्हणाले, तुम्ही गहू तीन दिवसांत काढून वाटता म्हणून कुरडई. तोच गहू, म्हणजे तिथे जवच घेतात, भिजवून आणखी चार-पाच दिवस ठेवला तर मोड येतो. मोड आला की दाण्यातल्या पिठाची साखर व्हायची तयारी होते. मग तो भट्टीत वाळवायचा, त्याला माल्ट म्हणायचं. ते काम त्यांच्याकडे होत नसे, माल्ट राजस्थान-हरियाणाकडून पोत्यांनी यायचं. इथे ते भरडायचं, गरम पाण्यात मोठ्या टाकीत पिठल्यासारखं कालवायचं, पासष्ट डिग्रीच्या आसपास धरून ठेवायचं. तासाभरात त्या पिठल्याचं गोड पाणी होतं. गाळायला चाळणी वेगळी लागत नाही, जवाची सालंच खाली बसून गाळणी होतात. मला हे फार आवडलं. मग ते पाणी उकळायचं, त्यात हॉप्स, हिरव्या गोळ्या, गुरांच्या पेंडीसारख्या दिसतात आणि मेथीच्या वर कडू. थंड करून यीस्ट सोडायचं. दहा-बारा डिग्रीला आठवडाभर ते आपलं आपलं काम करतं, मग पार शून्याजवळ थंड करून झोपवायचं. राहिलेला जवाचा चोथा दूधवाले ट्रॅक्टर लावून न्यायचे. काका म्हणतात, बिडकीन-पैठणच्या कितीतरी म्हशींचं दूध त्या चोथ्यावर वाढलेलं आहे, आणि ते दूध प्यालेले सगळे वारीला जातात.

पण काकांचं डिपार्टमेंट हे नव्हे. ते बाटल्यांच्या हॉलमध्ये. तिथे कान बधिर होतात म्हणे, दोन माणसं शेजारी उभी राहून हातवाऱ्यांनी बोलतात. बाटली ६५० मिलिलिटरची, आणि नवी क्वचित. भंगारवाल्यांकडून गोळा होऊन परत आलेल्या. त्यांत काय नसायचं! बिडीची थोटकं, आगकाड्या, झुरळं, एकदा कोणाची लॉटरीची सुरळी. कॉस्टिकच्या कढत पाण्यातून बाटल्या धुऊन निघायच्या, आणि मग नजर मारायला काका.

त्या जागेचं त्यांनी असं वर्णन केलं की मला ती दिसलीच. एक स्टूल. समोर पांढरी काच, मागे ट्यूबलाइट. त्या उजेडासमोरून एकामागे एक बाटल्या सरकतायत, थांबायचं नाव नाही. तुम्ही बाटलीकडे बघायचं नाही, बाटलीतून बघायचं. तळाशी सावली दिसली की उचल, बाजूला ठेव. वीस मिनिटं झाली की माणूस बदलायचा, कारण त्यानंतर डोळ्यांना काही दिसत नाही, किंवा नको ते दिसायला लागतं. काका म्हणतात, पहिल्या महिन्यात झोपेतही बाटल्या सरकायच्या, आणि बायको हलवून विचारायची, कोणाला उचलून ठेवताय?

बाटल्या फुटायच्याही. भरल्यानंतर गरम पाण्याच्या फवाऱ्याखालून नेतात, साठेक डिग्रीला, जंतू मरायला. त्यात एखादी बाटली आधीच तडकलेली असली की फाडकन फुटते. काकांच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटाकडे जी रेघ आहे ना, मला वाटायचं लहानपणी झाडावरून पडले असतील. ती त्यातली. सतरा टाके. चष्मा होता म्हणून डोळा वाचला.

आणि वहिनी, एवढं करून थेंब तोंडात नाही. कारखान्यातच उत्पादन शुल्कवाल्या साहेबांचं ऑफिस, टाकीला सील, फुटलेल्या बाटलीचाही हिशोब. पण चोरून प्यायची वेळ काकांवर आलीच नाही, गळ्यात माळ. साहेब चेष्टा करायचे, माळ गळ्यात आणि नाक टाकीत. काका सांगतात, "नाकाला माळ नसती ना." टाकीवरचे मास्तर लोक चव घेऊन सांगायचे ते काका वासावरून सांगायचे, म्हणून त्यांना कधीकधी मुद्दाम बोलावून न्यायचे.

गुत्त्यावर, म्हणजे परमिट रूमला मात्र जायचे. हे ऐकून मी काकूंकडे पाहिलं, तर काकूंना माहीत! काकू म्हणाल्या, "जाऊ दे म्हणायचे मी, निदान बाकीच्यांना घरी तरी आणून टाकतील." शिफ्ट सुटली की चार-पाच जण रांजणगाव फाट्याकडे. परमिट रूम हे नावही काय गमतीचं आहे बघा. आपल्या राज्यात कायदा अजून १९४९ चा, दारूबंदीचाच. प्यायची तर परवाना पाहिजे, एका दिवसाचा पाच रुपयांत, वर्षाचा शंभरात, जन्मभराचा हजारात. त्या परमिटवरून परमिट रूम. काकांनी त्या बावीस वर्षांत एकाही माणसाच्या खिशात परमिट पाहिलं नाही.

आत कसं असतं हे मी अगदी बारकाईने विचारून घेतलं, आपण काय कधी जाणार. अंधार, म्हणाले, भरदिवसाही अंधार. लाल बल्ब, माशांची पेटी, तिच्यातला एक मासा कायम मेलेला. टेबलं कंपनीवार ठरलेली. बजाजवाल्यांचं पंख्याखाली, त्यांचा पगार जास्त. औषधवाले कोपऱ्यात. आणि बिअर कंपनीवाल्यांचं मोरीच्या दाराशी. चकण्याला भाजके शेंगदाणे, वर कांदा-कोथिंबीर, लिंबू. काका चकण्याचे मानकरी, त्यांची प्लेट वेगळी, अंडी त्यांच्या बाजूला सरकवायची नाहीत.

खरी गंमत तर पुढे आहे. बिअर कंपनीतले बिअर पीतच नसत. सगळे रम. विचारलं तर म्हणायचे, दिवसभर तेच हुंगायचं आणि रात्री पुन्हा तेच विकत घ्यायचं? पण शेजारच्या टेबलावर कोणी बिअर मागवली की यांच्यातला एक जण उठायचा, "दादा, एक मिनिट," म्हणून त्यांची बाटली हातात घ्यायचा आणि लेबलवरचा बॅच नंबर वाचायचा. हा बी शिफ्टचा. म्हणजे आपला! मग सगळं टेबल त्या बजाजवाल्याकडे बघत बसायचं, तो पहिला घोट कसा घेतो म्हणून. बाटली चांगली निघाली तर यांची मान ताठ. एकदा कोणाच्या बाटलीला फेसच आला नाही, तर एक गडी रात्रभर जेवला नाही म्हणे. नऊ-साडेनऊला काका त्यांच्या एम-एटीवर एकेकाला मागे बसवून बजाजनगरच्या खोल्यांवर सोडून यायचे. तीन फेऱ्या. पेट्रोलचे पैसे महिन्याच्या एक तारखेला.

आणि त्याच एमआयडीसीच्या अंगाला पंढरपूर. मोठं नव्हे हो, छोटं पंढरपूर, वाळूजचं. आषाढीला शहरातून माणसं पहाटे चालत निघतात तिथल्या विठोबाला. रस्त्याच्या एका बाजूला टाळ-मृदंग, दुसऱ्या बाजूला कारखान्याच्या चिमणीतून माल्टचा वास, भाजक्या पिठासारखा. आषाढीला राज्यात ड्राय डे, परमिट रूमला कुलूप, पण कारखाना चालूच. काका रात्रपाळी करून सकाळी युनिफॉर्मवरच दिंडीत घुसायचे. त्यांचे वडीलही एकदा आले होते चालत, आणि त्यांनी विचारलं, "हा वास कशाचा रे, कोणी सातू भाजायलंय का?" काका म्हणाले हो.

बोर्ड मात्र सारखे बदलायचे त्या भागात. ऑस्ट्रेलियाची फोस्टर्स आली होती औरंगाबादेत, ती २००६ मध्ये सॅबमिलरने घेतली, २०१६ मध्ये सॅबमिलरलाच एबी इनबेव्हने गिळलं. काकांची कंपनी वेगळी, पण ते म्हणतात, गेटवरचा पत्रा बदलायचा, आत बाटली तीच.

मग आलं २०१६. त्याचं बोलताना काकांचा आवाज खाली जातो. जायकवाडी आटलेलं. लातूरला तर प्यायलाच नाही, मिरजेहून रेल्वेने पाणी. पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आणि इकडे एक लिटर बिअरला सगळं धुणं-बिणं धरून चार-पाच लिटर पाणी लागतं. टीव्हीवर रोज बिअरचे कारखाने. हायकोर्टाच्या औरंगाबाद बेंचने बिअर आणि दारूच्या कारखान्यांचं पाणी आधी पन्नास टक्के कापलं, १० मेपासून साठ टक्के. आयपीएलच्या मॅचसुद्धा राज्याबाहेर गेल्या, आठवतं? ऐन सीझन, उन्हाळ्यात तर बिअरची दिवाळी, आणि लाइन अर्धी बंद. कंत्राटी पोरं घरी बसवली. काका कायमचे, त्यांना नाही काढलं. पण गावी गेले तर पारावर कोणी सरकून जागा देईना. चुलतभाऊ तोंडावर म्हणाला, आमच्या मोसंबीचं पाणी तुमच्या बाटलीत गेलं.

मी म्हटलं, काका, पण तुमच्या कारखान्यानेच धरण थोडंच आटवलं? ऊस नाही का पीत पाणी? तर ते म्हणाले, "हिशोब मलाबी येतो पोरी. उसाचा हिशोब कागदावर ऱ्हातो. माझ्या अंगाला वास यायचा ना."

त्यानंतर वर्षभरात राजीनामा दिला आणि इकडे आले. अर्जात लिहिलं, शीतपेय आणि बाटलीबंद पाणी. इथे शुऐबाकडच्या एका कारखान्यात पाणी-ज्यूसच्या बाटल्या भरतात. म्हणजे आता खरोखर पाण्याच्या कंपनीत. आणि पाणी कुठलं, तर समुद्राचं, मीठ काढलेलं. या देशात नदी नाही, तलाव नाही. पूर्वी शत्त अल अरबहून लाकडी गलबतांत भरून आणायचे. काका म्हणतात, जिथे धरण होतं तिथून पाण्यापायी निघालो, जिथे थेंब नाही तिथे पाण्यावर पोट भरतोय.

हं, थांबा, कुकर बंद करून येते.

तर काय सांगत होते? खालची गोव्याची आंटी. ती पण येते आता गप्पांना, खालूनच मान वर करून. तिचे सासरे १९५० च्या काळात अहमदीला तेल कंपनीत कारकून होते. पगार रुपयांत मिळायचा, इथे १९६१ पर्यंत आपलाच रुपया चालायचा ना. ती म्हणते, गप्पा कशा मारायच्या ते अहमदीत बघावं, तिथे खरी कुंपणं, मेंदीची, बंगले, बागा. उत्तरेला गोरे साहेब, मध्ये हिंदी-पाकिस्तानी कारकून, दक्षिणेला अरब मजूर. साहेबांच्या क्लबात बाटल्या खणखणायच्या. बंदी आल्यावर काही गोरे घरीच काहीतरी गाळायचे, त्याला फ्लॅश म्हणायचे म्हणे. काकांकडे बघत ती मला म्हणाली, "अगो बाय, हो मनीस बीर करता आनि पियेना? आमच्या मडगावाक अर्लेमची बीर करताले, थंय असो एकूय मनीस नाशिल्लो!" काका नुसते हसले. मग तिला हळूच म्हणाले, आंटी, इथे घरी कोणी काही करत असेल तर वास घेऊन मला सांगा, मी जाऊन समजावीन. थट्टेत नाही म्हणाले. त्या २३ जणांत एकजण त्यांच्या कारखान्यातल्या मदतनिसाच्या खोलीतला होता. नांदेडकडचा. काका शवागारात गेले होते ओळख पटवायला. हे काकूंनी मला सांगितलं, त्यांनी नाही.

महालक्ष्म्या छान झाल्या. कुरडया पांढऱ्याशुभ्र, तळल्यावर ताटभर फुललेल्या. हारिसला बोलावलं होतं, त्याने चार खाल्ल्या आणि पाचवी शर्टाच्या खिशात घातली, चुरा झाला. रिकाम्या हाताने नाही आला पण. बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, बार्बिकनच्या सहा बाटल्या घेऊन आला, डाळिंबाच्या. इथे आपण पाहुण्यांना देतो तीच, माल्टची, बिनदारूची. हीही मूळ इंग्लंडच्या बास कंपनीची, बिअर गाळणाऱ्यांचीच बरं का. सगळ्यांनी एकेक घेतली. काकांनीही घेतली, पण उघडली नाही.

आधी उलटी केली. ट्यूबलाइटसमोर धरली. डोळा बारीक करून तळाशी पाहिलं, हळूच फिरवली, पुन्हा सरळ केली आणि बुडबुडे वर जाताना पाहत राहिले. सगळी पंगत थांबलेली. हारिस घाबरून विचारतोय, फी मुश्किला? मग काकांनी खिशातून चष्मा काढला आणि बाटलीच्या मानेवर ते बारीक छापलेलं असतं ना, तारीख आणि वेळ, ते वाचलं.

"तीन वाजून दहा मिनिटं," म्हणाले. "पहाटेचे. कोणतरी रात्रपाळीचं पोरगं हाय. बरं भरलंय."

आणि बाटली तशीच महालक्ष्म्यांच्या पुढे ठेवून दिली. काकूंनी ती उचलून फ्रिजमध्ये ठेवलीये. अजून तिथेच आहे.